नॅनोकण आणि पाण्यातले जीव: धोका खरा की प्रयोगाचा दोष?

शेवाळ:
२००४ साली इव्हा ओबरडॉर्स्टर यांनी लार्जमाउथ बास जातीचे छोटे मासे फुलरीन (साठ कार्बन अणूंचा पोकळ रेणू) टाकलेल्या पाण्यात ४८ तास ठेवले, प्रमाण ०.५ पीपीएम (दहा लाखात अर्धा भाग), आणि त्यांच्या मेंदूतल्या मेदाचं ऑक्सिडेशन वाढलेलं सापडलं. खूप गाजलं ते. मग २००७ मध्ये दुसऱ्या गटाने झेब्राफिशच्या पिल्लांवर प्रयोग केला, तर विषारी परिणाम फुलरीनपेक्षा, ते पाण्यात मिसळायला वापरलेल्या टीएचएफ या सॉल्व्हंटच्या (द्रावकाच्या) विघटनातून आलेल्या पदार्थांचा निघाला. तेव्हापासून नॅनोकण (१०० नॅनोमीटरच्या आतले कण) आणि पाणी असा विषय काढला की लोक हाच दाखला देऊन बोलणं बंद करतात. हे मला अजिबात पटत नाही. सॉल्व्हंटचा घोळ सापडला म्हणजे चांदी, टायटॅनियम, झिंक सगळ्यांच्या नॅनोकणांना क्लीन चिट मिळाली असं कसं होईल?

काचपात्र:
क्लीन चिट कुणी देत नाहीये, पण डोस बघा ना. नद्यांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांचे जे अंदाज आहेत ते लिटरमागे नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम असे आहेत, आणि लॅबमध्ये सर्रास मिलिग्रॅम ओततात. हजारपट डोस देऊन जीव मेला तर त्यातून नदीबद्दल काय कळणार? झिंक ऑक्साइडचं तर २००७ मध्येच शेवाळावर तपासून झालंय, नॅनो पावडर, साधी पावडर आणि झिंक क्लोराइड, तिघांचाही विषारीपणा जवळपास सारखा, कारण मारक होतं ते विरघळलेलं झिंक. मग झिंकची मर्यादा लावा, नॅनोसाठी वेगळा बाऊ कशाला?

शेवाळ:
झिंकचं मान्य, ते विरघळतं. टायटॅनियम डायऑक्साइड जवळपास विरघळतच नाही, त्याचं काय? डॅफ्नियाची (पाण्यातला पिसवेएवढा कवचधारी जीव) नेहमीची टेस्ट ४८ तासांची, बीकर हलकेच हलवायचा आणि किती जीव पोहत नाहीत ते मोजायचं. त्यात टायटॅनियम निरुपद्रवी दिसतं. पण तीच टेस्ट ९६ तासांपर्यंत लांबवली तेव्हा दिसलं की कणांचा थर कवचाला चिकटून बसतो, पहिली कात बहुतेकांनी टाकली पण पुढची टाकता येईना आणि ते जीव मेले. हा परिणाम सरळ कणांचाच. घड्याळ ४८ तासांवर थांबवलं तर तो दिसणारच नाही, मग टेस्ट सेफ्टीची आहे का आपल्या सोयीची?

काचपात्र:
डोस तिथेही मिलिग्रॅमच्याच घरात होता. आणि बीकरमध्ये स्वच्छ पाणी असतं हो, नदीत ह्युमिक अॅसिड (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारं) असतं, गाळ असतो, समुद्रात तर मिठामुळे कण पटकन एकमेकांना चिकटून खाली बसतात. चांदी सांडपाण्याच्या प्लांटमध्ये गेली की बरीचशी सल्फाइड होते (गंधकाशी जोडली जाते) आणि ते फारसं विरघळत नाही, त्यामुळे विषारीपणा खूप उतरतो. ही सगळी केमिस्ट्री बाजूला ठेवून भीती पसरवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं, आणि खरे धोके, म्हणजे न शुद्ध केलेलं सांडपाणी, मागे पडतात.

मासोळी:
बीकर नको ना, मग तलाव घ्या. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये संशोधनासाठी राखलेल्या तलावांपैकी लेक २२२ मध्ये २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं मोसमात नॅनोचांदी सोडली, डोस लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या पातळीवर, आणि शेजारी तुलनेसाठी दुसरा तलाव होता. यलो पर्च माशांच्या यकृतात चांदी साठली, त्यांची संख्या आणि खाणं दोन्ही घटलं. तिथे ह्युमिक अॅसिड, गाळ, भक्षक सगळं होतं की.

ओंडका:
एकाच तलावावरून जगभरचे नियम ठरवणार का? आणि पर्च कणांमुळे कमी झाले की त्यातून पाण्यात विरघळून सुटलेल्या चांदीच्या आयनांमुळे (विद्युतभारित अणूंमुळे), हे तिथेही वेगळं काढता आलेलं नाही असं माझं मत.

मासोळी:
माशाला त्याने काय फरक पडतो? चांदी आत गेली ती कणाच्या वाटेने.

शेवाळ:
फरक माशाला नाही पण नियमाला पडतो, आणि खरी गोम इथेच आहे. पाण्यातला 'विरघळलेला' धातू मोजताना पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढतात, म्हणजे ४५० नॅनोमीटर. नॅनोकण १०० च्या आतला. एकटा सुटा कण त्यातून सहज निघून जातो आणि रिपोर्टमध्ये विरघळलेला म्हणून लागतो! काचपात्र, तुम्ही म्हणता झिंकची मर्यादा लावा, पण त्या आकड्यात आयन किती आणि कण किती हे या फिल्टरने कळतच नाही. आधी अल्ट्राफिल्ट्रेशन (कणही अडवणारी खूप बारीक गाळणी) करा, नाहीतर सिंगल पार्टिकल आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्राने एकेक कण मोजा, डोसवर नंतर भांडू.

काचपात्र:
मोजायला माझी काहीच हरकत नाही. पण टायटॅनियम मातीतही असतं, नदीच्या गढूळ पाण्यात त्याचे नैसर्गिक कण भरपूर येतात, ते मशीन फक्त कण दाखवेल, कारखान्यातला कुठला आणि डोंगरातून वाहून आलेला कुठला ते नाही सांगणार. ते वेगळं करता येईपर्यंत कुठल्याही कंपनीवर बंदीची मागणी मी तरी करणार नाही.

मासोळी:
आणि तोवर सोडत राहायचं? मला हे उलटं वाटतं, वेगळं करता येत नाही म्हणूनच बाजारात येण्याआधी ९६ तासांची टेस्ट सक्तीची हवी, नदीत गेल्यावर शोधत बसण्यापेक्षा.