मदत हवी आहे: मॉन्ट्रियलमध्ये मुलीला इंग्रजी शाळा मिळते की नाही?

कोथरूडचा_बाबा
कंपनी जुलैत मॉन्ट्रियलला पाठवतेय. मुलीची तिसरी संपली, इंग्रजी माध्यम, फ्रेंच शून्य. एक एजंट म्हणतो क्वेबेकमध्ये इंग्रजी शाळा विसरा, दुसरा म्हणतो तीन वर्षं चालतं. नक्की काय? घर कुठल्या भागात हवं ते याच आठवड्यात कळवायचंय. सरकारी साइट वाचून झाली आहे, लिंका देऊ नका.

पश्चिम_बेट
मॉन्ट्रियल क्वेबेक प्रांतात आहे, तिथे बाहेरून आलेल्यांच्या मुलांना शाळा फ्रेंचच, इंग्रजीसाठी सवलत किंवा हक्क लागतो. कशावर येताय ते लिहिलंच नाहीत. वर्क परमिट की पीआर (कायमचं वास्तव्य)? वर्क परमिट असेल तर मुलांना तात्पुरत्या वास्तव्याची सवलत मिळते. २०२२ च्या ९६ नंबरच्या कायद्याने ती तीन वर्षांवर आणली, वाढवून मिळत नाही. पीआर असेल तर ही सवलत नाही. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: या सवलतीत शिकलेली वर्षं पुढे इंग्रजीचा हक्क मागताना धरत नाहीत. तिथे प्राथमिक सहावीपर्यंत असतं. म्हणजे चौथी ते सहावी इंग्रजीत आणि ऐन सेकंडरीच्या तोंडावर सगळे विषय फ्रेंचमध्ये. याहून वाईट वेळ नाही.

शब्दवेडा
म्हणूनच पहिल्या दिवसापासून फ्रेंच शाळेत घाला. नवीन आलेल्या मुलांसाठी 'क्लास द'आक्युई' असतो, तिथे आधी भाषा शिकवतात, मग नेहमीच्या वर्गात पाठवतात. आणि हा नियम कुणाला छळायला केलेला नाही. साठच्या दशकात बाहेरून आलेली बहुतेक कुटुंबं मुलांना इंग्रजी शाळेत घालत होती. त्यावरून १९६८-६९ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सँ-लेओनारमध्ये मोठा संघर्ष झाला. फ्रेंच शाळेची सक्ती करणारा १९७७ चा कायदा, बिल १०१, त्यातून आला. इंग्रजीने वेढलेल्या खंडात एका प्रांताने आपली भाषा टिकवली, ती शाळेच्या दारातूनच.

टोरांटोकर
टिकवली ती पालकांचा निवडीचा हक्क काढून घेऊन. सोपा उपाय: ओटावाला राहा किंवा गातिनोला, तिथे असली कटकट नाही.

पश्चिम_बेट
गातिनो क्वेबेकमध्येच आहे, तिथेही हाच कायदा. ओटावा ऑन्टारियोत आहे, पण मॉन्ट्रियलपासून सुमारे २०० किलोमीटर. रोज ऑफिसला कसे जाणार?

पैसे_मोजा
खाजगी इंग्रजी शाळेत घाला, प्रश्न मिटला.

पश्चिम_बेट
फक्त सरकारी अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळेत, आणि तिची फी वर्षाला हजारो डॉलर. पूर्वी अशा शाळेत थोडे दिवस काढून सरकारी इंग्रजी शाळेचा हक्क मिळवायचे. ती वाट २००२ मध्ये बंद केली, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंदी रद्द केली, २०१० मध्ये अशा शाळेतल्या वर्षांना गुण देण्याची पद्धत आली. किमान १५ गुण लागतात, साधारण तीन वर्षं फी भरल्याशिवाय ते जमत नाहीत.

मी_मराठी
आपल्याकडे असा कायदा कधी होणार? २०२० चा कायदा मराठी फक्त विषय म्हणून सक्तीची करतो, माध्यमाला हात लावत नाही.

टोरांटोकर
आणि मुंबईतल्या मराठी पालकांनीच पहिला विरोध केला असता.

शब्दवेडा
क्वेबेकमध्येही फ्रेंच पालकांना इंग्रजी शाळा मिळत नाही, सक्ती त्यांच्यावरही आहे. नियमाला वजन त्यामुळेच येतं.

कोथरूडचा_बाबा
मराठीचा वाद दुसरीकडे घाला, प्लीज. माझं इंट्रा-कंपनी वर्क परमिट. बायकोचा प्रश्न नाही, ती कॅनेडियन नागरिक आहे.

पश्चिम_बेट
अहो, हे आधी सांगायचं! प्राथमिक शाळा कुठे झाली त्यांची? कोणत्या इयत्ता, कोणत्या भाषेत? पासपोर्ट अजून कॅनडाचाच ना?

कोथरूडचा_बाबा
जन्म मिसिसागाचा. पहिली ते पाचवी तिथेच, इंग्रजीत. मग पुण्यात. पासपोर्ट कॅनडाचा, इथे ओसीआयवर आहे. याचा काय संबंध?

पश्चिम_बेट
सगळा संबंध आहे. भाषेच्या सनदेचं, म्हणजे त्याच बिल १०१ चं, कलम ७३: आई किंवा वडील कॅनेडियन नागरिक असतील आणि त्यांच्या प्राथमिक शिक्षणाचा मोठा भाग कॅनडात इंग्रजीतून झाला असेल, तर मुलीला इंग्रजी शाळेचा कायमचा हक्क आहे. शिक्षण क्वेबेकमध्येच झालेलं असावं अशी अट नाही. तीन वर्षांच्या सवलतीचा अर्ज अजिबात करू नका.

कागद: पत्नीच्या नागरिकत्वाचा पुरावा, मुलीचा आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला, आणि मिसिसागाच्या स्कूल बोर्डाकडून इयत्तावार, शिकवण्याची भाषा लिहिलेला दाखला. अर्ज इथल्या इंग्रजी स्कूल बोर्डामार्फत मंत्रालयाकडे जातो. अडतं ते त्या शाळेच्या दाखल्यावर. जुनी रेकॉर्ड शोधायला वेळ लागतो, आजच मागवा. पत्नी फ्रेंच इमर्शनमध्ये (विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गात) होत्या का तेही विचारा, मग शिकवण्याची भाषा दाखल्यात स्पष्ट हवी.

नागपूरची_लेक
मुलगीही बहुधा जन्मापासून कॅनेडियन नागरिक आहे. तिच्यासाठी व्हिसा मागितलात तर अडकेल, नागरिकाला व्हिसा देत नाहीत. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र लागेल, त्याला काही महिने लागतात. अर्ज करण्याआधी तिच्या भारतीय पासपोर्टचं काय होईल ते वकिलाला विचारा.

शब्दवेडा
हक्क असला तरी फ्रेंच शाळेतच घाला, असं माझं मत.

पश्चिम_बेट
घाला, पण आधी इंग्रजी शाळेच्या पात्रतेचं प्रमाणपत्र घ्या. ते घेतलं की मुलगी फ्रेंच शाळेत शिकली तरी तिच्या मुलांचा हक्क जात नाही, कलम ७६.१. इंग्रजी सेजेपमध्ये (सेकंडरीनंतरचं कॉलेज) प्रवेशालाही ते उपयोगी पडतं, तिथे जागांवर मर्यादा आहे.

भाडेकरू
मॉन्ट्रियलमध्ये बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात. १ जुलैला टेम्पो मिळत नाही.

कोथरूडचा_बाबा
ते विचारलं नव्हतं, तरी नोंद घेतली. भाग कुठला, ते सांगा.

पश्चिम_बेट
इंग्रजी स्कूल बोर्ड दोन: मॉन्ट्रियल बेटाच्या पश्चिम टोकाला लेस्टर बी. पिअर्सन बोर्ड, मधल्या आणि पूर्व भागात इंग्लिश मॉन्ट्रियल बोर्ड. ऑफिस डाउनटाउनला असेल तर एनडीजी (नोत्र-दाम-द-ग्रास) हा भाग बघा, मेट्रो आहे. घर पक्कं करण्यापूर्वी तो पत्ता कोणत्या शाळेत मोडतो ते बोर्डाला फोन करून विचारा.