शेणखताच्या रानातच पेंडीमिथॅलिन तणनाशक फेल जातंय, डोस वाढवू का? (मदत हवी आहे)

धागाकर्ता:
नमस्कार मंडळी, जरा डोकं लावा. शेजारी शेजारी दोन तुकडे आहेत, मधे फक्त बांध. एकात बरीच वर्षं शेणखत कंपोस्ट पडतंय, माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब १.१ टक्के आलाय. दुसरा दुर्लक्षित, तिथे ०.४. दोन्हीत सोयाबीन, पेरल्या पेरल्या त्याच पंपाने त्याच डोसने पेंडीमिथॅलिन मारलं, ओल दोन्हीकडे बरी होती, आणि झालं काय तर जे रान चांगलं म्हणून मिरवतो त्यातच गवत आणि घोळीचं तण वर आलं. उपटून बघितली तर मुळं लांब, पांढरी, एकदम ठणठणीत. पलीकडच्या रानात जे थोडे कोंब निघालेत त्यांची मुळं आखूड, जाड, गाठाळल्यासारखी. म्हणजे औषध बनावट म्हणावं तर तिकडे चाललं कसं?
डोस वाढवू का? की शेणखतच कमी करू?

बांधावरचा:
शेणखत नीट कुजलेलं होतं का? कच्च्या खतातून तणाचं बी भरपूर येतं. आणि त्या रानात दीडपट मारा, आम्ही भारी जमिनीत तेच करतो, विषय संपला.

मातीवाली:
बियांचा मुद्दा बरोबर आहे, पण मग तण जास्त उगवलं तरी मुळं खराब दिसायला हवी होती. ती ठणठणीत आहेत म्हणजे औषध मुळापर्यंत पोचलंच नाही. दीडपट वगैरे नको हो, आधी काय होतंय ते बघा.

तण मारतं ते मातीतल्या पाण्यात सुटं असलेलं औषध, मातीला चिकटून बसलेलं नाही. पेंडीमिथॅलिन पाण्यात विरघळतंच किती, लिटरला जेमतेम ०.३ मिलिग्रॅम, आणि ह्युमसला, म्हणजे मातीतल्या कुजलेल्या सेंद्रिय कर्बाला, मात्र घट्ट धरून बसतं. औषध कर्बाला किती चिकटतं त्याचा आकडा असतो, केओसी म्हणतात, पेंडीमिथॅलिनचा १०,००० च्या वर आहे आणि मेट्रिब्युझिन या दुसऱ्या तणनाशकाचा ६० च्या आसपास. त्या आकड्याला कर्बाच्या प्रमाणाने गुणलं की ढोबळ मानाने तुमच्या मातीची पकड कळते. ०.४ वरून १.१ म्हणजे पकड पावणेतीन पट, म्हणजे तेवढ्याच डोसात पाण्यात सुटं औषध साधारण तिसऱ्या हिश्श्यावर. चिकणमाती पण धरते, पण असल्या औषधांना मुख्य गिऱ्हाईक कर्बच.

एक विचारायचं राहिलं, खत खाली मिसळलं होतं की वरच पसरलेलं? वरच असेल तर वरच्या इंचभर मातीत कर्ब १.१ पेक्षा बराच जास्त असणार आणि उगवणपूर्व (तण उगवण्याआधी मारायच्या) औषधाचं काम नेमकं त्याच थरात असतं.

धागाकर्ता:
वरच पसरून हलकी पाळी दिली होती फक्त. आणि एका कोपऱ्यात काड जाळलं होतं, तिथे तर तणाची गादीच झालीय, आता कळलं.

मातीवाली:
राख आणि कोळशाचे कण तर ह्युमसपेक्षा वाईट, औषध शोषून घेऊन सोडतच नाहीत. सांडलेलं तणनाशक निष्क्रिय करायला कोळशाची भुकटीच वापरतात, तुम्ही ती शेतातच टाकून ठेवलीत :)

बांधावरचा:
बरं मग दीडपट का नको ते तरी सांगा.

मातीवाली:
लेबलवर हलक्या आणि भारी जमिनीची मात्रा वेगळी दिलेली असेल तर वरची मात्रा घ्या, खुशाल घ्या, पण त्याच्या वर नको. चिकटलेलं औषध नाहीसं झालेलं नसतं. सूक्ष्मजीवांना ते सहज मिळत नाही म्हणून रेंगाळतं, हळूहळू सुटतं, आणि पुढचं पीक नाजूक असेल तर त्याला दणका. शिवाय पंप सरसकट चालतो, रानात कर्ब सगळीकडे सारखा नसतो, विरळ जागी सोयाबीनच आखडेल.
आणि हे सूत्र मेट्रिब्युझिनला उलटं लावा. ते लिटरला जवळपास १ ग्रॅम विरघळतं, कमी कर्बाच्या हलक्या रानात जोराचा पाऊस आला की खाली उतरून पिकाच्या मुळाशी जातं, सामू (पीएच) जास्त असेल तर आणखीच मोकळं फिरतं. तुमच्या ०.४ वाल्या तुकड्यात ते जपून.

धागाकर्ता:
मग शेणखत बंद?

मातीवाली:
अजिबात नाही! तणनाशकासाठी कर्ब घालवायचा म्हणजे कमालच. त्या रानात उगवणपूर्ववर सगळी भिस्त ठेवू नका. तण दोन तीन पानांवर असताना पानावर मारायचं औषध किंवा सरळ कोळपणी, पानावरच्या कामात मातीचा संबंध फारसा येत नाही. फक्त फवाऱ्याला गढूळ पाणी नको, विशेषतः ग्लायफोसेटला (तेही पानावर मारायचं तणनाशक), गाळाला चिकटून टाकीतच ढिलं पडतं. (ते उभ्या सोयाबीनवर नाही हं, आधीच सांगते.)

धागाकर्ता:
पुढच्या पिकाआधी मातीत किती शिल्लक आहे ते घरच्या घरी कळेल का?

मातीवाली:
दोन्ही रानांची वरची दोन तीन इंच माती आणि फवारणी न झालेल्या बांधाजवळची थोडी, तीन वेगळ्या ट्रेमध्ये घ्या. जे पीक पुढे घ्यायचंय त्याचंच बी टाका, सारखं पाणी द्या, आणि उगवल्यावर उपटून मुळं शेजारी शेजारी ठेवून बघा. वरून रोप हिरवं दिसतं म्हणून फसू नका. राखेच्या कोपऱ्याची माती चौथ्या ट्रेमध्ये, ती बाकीत मिसळू नका.