चार महिन्यांत तिसरी रांजणवाडी, ठणका थांबेना

हळद_यार्ड_सांगली
वय ४६, काम मार्केट यार्डात हळदीच्या धुळीत. डाव्या डोळ्याची वरची पापणी सुजून ठणकतेय. दोन दिवस शेकलं, फरक नाही. कुणी लवंग उगाळून लावायला सांगतं, कुणी लसूण. धुळीमुळेच होतंय का हे?

चष्मेवाला_मिरज
लवंग-लसूण डोळ्याजवळ नेऊच नका दादा. पापणीची कातडी अतिशय पातळ असते, लवंगेच्या तेलाने भाजते आणि डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा.

शेक बहुतेकांचा इथंच चुकतो: फडकं दोन मिनिटांत गार होतं आणि लोक तेच धरून बसतात. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सोसवेल इतकंच गरम, साधारण ४० अंश. धुतलेला सुती रुमाल पिळून मिटलेल्या डोळ्यावर ठेवा, गार झाला की परत बुडवा. असं १० मिनिटं, दिवसातून चार वेळा. पापणीच्या तेलग्रंथीतला घट्ट झालेला स्राव त्याने पातळ होतो. मग स्वच्छ बोटाने वरच्या पापणीवर वरून खाली, केसांच्या दिशेने हलका दाब. फोड पिळायचा मात्र नाही, पू आत पसरतो. नीट शेकलं तर बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवड्यांत बसते. ठणका जाऊन नुसती टणक गाठ उरली तर ते कॅलेझिऑन. महिनाभरात विरली नाही तर पापणी बधिर करून आतून छोटी चीर देऊन काढतात.

पापणी_साफ_कराड
धूळ एकटी दोषी नाही. हळदीच्या हाताने डोळा चोळणं जास्त नडतं. सकाळी चिपडं चिकटतात का? केसांच्या मुळाशी कोंडा दिसतो का? आणि वारंवार रांजणवाडी येतेय, तर शुगर तपासलीय का?

हळद_यार्ड_सांगली
दोन्ही हो ताई. शुगर कधी तपासली नाही.

पापणी_साफ_कराड
मग मूळ ब्लेफरायटिस, म्हणजे पापणीच्या कडेची जुनी सूज. उकळून कोमट केलेल्या अर्धा कप पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब टाका, डोळा मिटून कापसाच्या काडीने केसांच्या मुळाशी आडवं पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळी काडी. हे बरं वाटल्यावरही रोज चालू ठेवायचं, सोडलं की परत येतं. उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) या आठवड्यातच करा. गाठ दर वेळी त्याच जागी येत असेल, तिथले केस गळत असतील तर तुकडा तपासायला लावा. पापणीच्या तेलग्रंथीचा कॅन्सर असाच फसवतो.

ड्यूटी_नर्स_सातारा
डोळा हलवताना दुखणं, दोन-दोन दिसणं, धूसर दिसणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं, सोबत ताप: यातलं काहीही असेल तर शेकत बसू नका, त्याच दिवशी सिव्हिल गाठा. कपाळाच्या एकाच बाजूला आग होऊन पुरळ आलं, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर, तर ती नागीण. गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात.

मेडिकलमधून स्टेरॉइडचे ड्रॉप्स परस्पर घेऊ नका, डोळ्याचा दाब वाढतो. बाटलीवर ‘डेक्सा’ किंवा ‘प्रेड’ने सुरू होणारं नाव असेल तर तेच ते.