शनीजवळचा फिका ठिपका फीबी असू शकतो का?

मसाईपठार_रात्र:
दिवाळीनंतर आभाळ साफ झालं म्हणून परवा सहा इंची दुर्बीण घेऊन कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावर गेलो होतो. शनीची कडी सध्या रेघेसारखी बारीक दिसालीत, तरी बघताना अंगावर काटा आला. शनीचा मोठा उपग्रह टायटन ओळखला, पण पश्चिमेला त्याच्याही बऱ्याच पलीकडं एक फिका ठिपका होता. पोरगी सातवीत आहे, ती म्हणाली पप्पा हा शनीचा उपग्रह फीबी असणार, तो लै लांब असतोय आणि उलटा फिरतोय. खरंच असेल का? आणि त्याला अनियमित उपग्रह का म्हणतात, आकार वेडावाकडा म्हणून? तिला अंदाजानं काही सांगायचं नाही, नीट उत्तर पाहिजे.

रंकाळा_पहाट:
दादा, फीबी नाही तो. फीबी जेमतेम २१३ किमीचा आहे, म्हणजे इथनं पुण्याला जायला रस्त्यानं जेवढं अंतर पडतंय त्याच्याहून जरा कमीच, आणि रंगानं कोळशासारखा, सहा इंचीत दिसायचाच नाही. पण पोरगीचं वाचन पक्कं आहे हां! शनीपासून साधारण १ कोटी ३० लाख किमीवर आहे आणि एका फेरीला ५५० दिवस घेतोय. रंकाळ्यावर सकाळी सगळी एका बाजूनं चालत असतात आणि एकटाच समोरनं येतोय, तसं समजा.

अनियमित म्हणजे आकार नव्हे, कक्षा. लांबची, कललेली, बऱ्याचदा उलटी. फीबी तर जवळपास गोल आहे. उलट शनीचाच दुसरा उपग्रह हायपेरियन बटाट्यासारखा वाकडा असून त्याची कक्षा नियमित उपग्रहांसारखी. इथं भल्याभल्यांचा घोटाळा होतोय.

कळंबा_कट्टा:
उलटा का फिरतो ते पण तिला सांगा. शनीभोवतीच्या चकतीत जन्मलेले उपग्रह शनी फिरतो त्याच बाजूनं फिरतात, त्यामुळं हा तिथला नसणार, बाहेरनं आला आणि शनीच्या ओढीत अडकला असंच मानतात, बहुतेक नेपच्यूनच्या पलीकडच्या बर्फाळ भागातला. ११ जून २००४ ला कॅसिनी यान शनीच्या कक्षेत शिरायच्या आधी तीनेक आठवडे याच्यापासून २,०७० किमीच्या आसपास गेलं. पुढं शनीजवळ फिरताना एवढं लांब परत यायला जमणार नव्हतं, म्हणून वाटच तशी आखली होती. फोटोत खड्ड्यांच्या कडांवर काळ्या थराखालचं पांढरं बर्फ उघडं पडलेलं दिसतंय, ते मी कितीदा बघितलंय तरी मन भरत नाही.
आणि १८९९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगनं फीबी शोधला तो पेरूमध्ये काढलेल्या फोटोंच्या काचांवर. फोटोवरनं सापडलेला हा पहिला उपग्रह.

रंकाळा_पहाट:
दादा तो ठिपका कड्यांच्या रुंदीच्या दहा-बारा पट लांब होता का? तसं असेल तर शनीचाच आयापेटस हा उपग्रह असायची शक्यता आहे, आणि मग फीबीशी नातं आहेच. फीबीवर उल्का आदळून उडालेल्या धुळीचं एक प्रचंड फिकं कडं आहे, २००९ ला स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीला सापडलं. ती धूळ आत सरकत आयापेटसच्या पुढच्या तोंडावर, म्हणजे तो ज्या दिशेनं फिरतो त्या बाजूवर, बसते. काळं झालं की ऊन जास्त शोषतंय, तिथलं बर्फ उडून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतंय, म्हणून एक बाजू डांबर आणि एक बाजू बर्फ. पश्चिमेला असताना पांढरी बाजू आपल्याकडं असते म्हणून तो ठळक दिसतो आणि पूर्वेला गेला की काळी बाजू समोर येऊन फिका पडतो. १६७१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीला (त्याच्याच नावाचं ते यान) तो पश्चिमेलाच दिसायचा, पूर्वेला दिसायला १७०५ उजाडलं!

मसाईपठार_रात्र:
व्हय ओ, तेवढाच लांब होता, टायटनच्या दुपटीपेक्षा जास्त. पोरगीनं ठिपक्याची जागा वहीत काढून ठेवलीय. आता किती दिवसांनी बघायचं?

रंकाळा_पहाट:
त्याची फेरी ७९ दिवसांची, म्हणजे परवापासनं चाळीसेक दिवसांनी पूर्वेला असेल. मधे दर आठवड्याला एक चित्र काढा, शेजारच्या ताऱ्यांसकट, नाहीतर ताराच उपग्रह समजून बसाल. पूर्वेला असताना अमावास्येच्या आसपासची रात्र धरा, सहा इंचीत तो अगदी काठावर दिसेल.

मसाईपठार_रात्र:
शनिवारी परत पठारावर जातोय. चित्र इथं टाकतो.