'मंकडिंग' हा शब्द आता तरी सोडायचा का?

अण्णा मिडऑन (धागाकर्ता)
बोलरने चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढे सरकलेल्या नॉन-स्ट्रायकरला, म्हणजे बोलरच्या टोकाला उभ्या बॅटरला, धावबाद केलं की अजूनही सर्रास 'मंकडिंग' म्हणतात. हा शब्द बंद व्हावा असं माझं मत. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत भारताच्या विनू मंकडांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असं बाद केलं. त्याच दौऱ्यातल्या आधीच्या एका सामन्यात याच ब्राउनला त्यांनी आधी ताकीद दिली होती, मग बाद केलं होतं. तरी गडी कसोटीत परत पुढे! ब्रॅडमन समोरच्या संघाचा कर्णधार, पण त्यानेही मंकडांचीच बाजू घेतली. आणि बदनाम कोण झालं? ज्यांनी १९५२ मध्ये लॉर्ड्सवर एकाच कसोटीत ७२ आणि १८४ धावा काढून वर ५ विकेट घेतल्या, त्यांचं नाव जगाला रडीच्या डावासाठी माहीत असावं?

सिलीपॉइंट
भावना पोचल्या, मुद्दा नाही पोचला. ऑस्ट्रेलियात गुगलीला ती शोधणाऱ्या बोझांकेच्या नावावरून 'बोझी' म्हणायचे. गुगलीलाही तेव्हा काहींनी फसवाफसवी म्हटलंच होतं. बोझांकेची अब्रू गेली का?

अण्णा मिडऑन
बोझांकेला श्रेय मिळालं, मंकडांना शिवी. गावसकर कधीचे सांगतायत की हा त्यांचा अपमान आहे. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने ही तरतूद 'अनफेअर प्ले'च्या ४१व्या कलमातून काढून ३८व्या, म्हणजे धावबादच्या कलमात टाकली. स्कोअरबुकात 'रनआउट'च लिहितात. मग तोंडी वेगळं कशाला?

सिलीपॉइंट
कारण प्रकारच वेगळा आहे. बॅटरने सरळ फटका मारला, चेंडू बोलरच्या बोटाला लागून स्टम्पवर गेला, नॉन-स्ट्रायकर बाहेर. हाही त्याच टोकाचा रनआउट. रेडिओवर ऐकणाऱ्याला फरक कसा कळायचा? अटीही निराळ्या. जानेवारी २०२३, ऑस्ट्रेलियातली बिग बॅश स्पर्धा, मेलबर्न. बोलर झांपाने बेल्स उडवल्या, बॅटर चांगला बाहेर होता, तरी तिसऱ्या पंचाने नाबाद दिलं, कारण झांपाचा हात फिरून उभ्या रेषेच्या पुढे गेला होता. साध्या रनआउटला बोलरचा हात कुठे होता हे कोण विचारतं?

कव्हरड्राइव्ह ताई
शब्द बदलून ढोंग थांबणार आहे थोडंच. सप्टेंबर २०२२, लॉर्ड्स, भारत-इंग्लंड महिला सामना. इंग्लंडला १७ धावा हव्यात, शेवटची जोडी, चार्ली डीन ४७ वर. दीप्ती शर्मा रनअप घेऊन येते, चेंडू न टाकता वळते, बेल्स काढते. डीन क्रीजबाहेर. सामना संपला, आणि पुढे चर्चा कसली, तर ताकीद दिली होती की नव्हती! ताकीद द्यायलाच हवी असं नियमात कुठेही नाही. बरं, आपलेही काही कमी नाहीत. गुवाहाटीत शमीने श्रीलंकेच्या शनाकाला ९८ वर असं बाद केलं, तर कर्णधार रोहितने अपीलच मागे घेतलं. नियमात बसतं ना? मग लाजायचं कशाला?

सिलीपॉइंट
बघा! म्हणजे दोष शब्दाचा नाहीच.

अण्णा मिडऑन
शब्दाचाही आहे. 'रनआउट झाला' म्हटलं की बॅटर चुकला. 'मंकडिंग केलं' म्हटलं की बोलरने काहीतरी उद्योग केला. २०१९ मध्ये जयपूरला आयपीएलमध्ये हेच झालं. क्रीज सोडली बटलरने, खुलासे देत बसला त्याला बाद करणारा अश्विन. आपल्याकडे बीसीसीआयची १९ वर्षांखालील स्पर्धा विनू मंकड ट्रॉफी म्हणून खेळली जाते. तिथल्या पोरांनी या नावाचा काय अर्थ घ्यायचा?

लेगबाय
आमच्याकडे टॉसच्या आधीच ठरतं, 'मंकडिंग नाही हां'. त्याऐवजी काय म्हणू? 'नॉन-स्ट्रायकर टोकाचा चेंडूपूर्व धावबाद नाही हां'? तेवढ्यात दोन रन पळून होतील.

अण्णा मिडऑन
'चेंडू सुटेपर्यंत क्रीज सोडायची नाही' असं ठरवा की.

लेगबाय
आणि सोडली तर?