तिसरीतला मुलगा, मराठी वाचायचं म्हटलं की पळतो

नाशिकची_आई: मुलगा तिसरीत आहे, सेमी इंग्लिश. बाराखडी पाठ आहे, सुटे शब्द वाचतो पण धडा समोर आला की जोडाक्षरापाशी अडकतो, मग पहिलं अक्षर बघून अंदाजाने काहीतरी ठोकून देतो आणि दोन ओळी झाल्या की पाणी प्यायला उठतो. गोष्ट ऐकायला मात्र कितीही वेळ बसेल. बाई म्हणतात रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या, त्यात नुसती रडारड होते. गोडी लागेल असं काही आहे का? अ‍ॅप नका सांगू प्लीज.

झेडपी_गुरुजी: ऐकायला बसतो ना, मग अर्धं काम झालंय ताई. धडा थोडे दिवस बाजूला ठेवा. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर 'प्रथम बुक्स' प्रकाशनाच्या मराठी गोष्टी फुकट आहेत, १ ते ४ पातळ्या दिल्यात, पातळी १ च्या प्रिंट काढा म्हणजे मोबाईलची कटकट नाही. आधी तुम्ही बोट फिरवत वाचायचं, मग दोघांनी बरोबर, मग वाटलं तर त्याने एकट्याने. आमच्या वर्गात पोरं जे सांगतात ते मी फळ्यावर तसंच्या तसं लिहितो, "आमची म्हस काल व्याली" वगैरे, आणि तेच वाचायला देतो. वाक्य स्वतःचंच असतं त्यामुळे 'व्या'ला पण अडत नाहीत. म्हशीचं म्हैस करत बसू नका तेवढं.

रांगडा_बाबा: हे लाड ठीक आहेत पण बाराखडी घोटून घेतल्याशिवाय काही होत नसतं. आम्ही तसंच शिकलो.

झेडपी_गुरुजी: @रांगडा_बाबा घोटलेलीच असते हो. पण मधूनच 'मो' दाखवा, बरीच पोरं मनात म मा मि मी करत तिथवर येतात. पाठ आहे आणि ओळखता येतं यात फार फरक आहे.

स्पेशल_एड_पुणे: गुरुजींशी सहमत. जोडाक्षरं सगळी एकदम नका घेऊ. आधी तेच अक्षर दोनदा येतं ते, म्हणजे चप्पल, गच्ची, पक्का. र सगळ्यात शेवटी, कारण सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या या चारही ठिकाणी तो वेगळाच दिसतो, पोराने काय समजायचं! आणि प्रत्येक चूक पकडू नका, 'घरी'चं 'घर' वाचलं आणि अर्थ लागतोय तर पुढे जाऊ द्या. डोळे आणि कान एकदा तपासून घ्या. घ-ध, भ-म अजूनही खूप गोंधळत असेल तर असेसमेंट म्हणजे तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, लर्निंग डिसॅबिलिटी (वाचण्या-लिहिण्यातली अक्षमता) २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, परीक्षेत सवलती मिळतात. लगेच घाबरू नका, आधी बघा तर.

मुलुंडकर: बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक नेटवर मोफत आहेत. त्याला स्वतःला जड जाईल, तुम्हीच वाचून दाखवा. कोडी तेवढी त्याला द्या.

नाशिकची_आई: थँक्यू सगळ्यांना. गंमत म्हणजे स्टँडवर एसटीची 'त्र्यंबकेश्वर' पाटी हा लांबून वाचतो! पण पातळी १ बघून "हे बाळांचं आहे" म्हणणार, तिथे काय करू?

झेडपी_गुरुजी: धाकटं कोणी आहे का घरात, शेजारी? त्याला वाचून दाखवायची ड्युटी द्या. बाळांचंच पुस्तक लागणार मग. आणि पाटी वाचतो तर रोज स्टँडवरच्या आणखी दोन पाट्या लिहून आणायला सांगा, सप्तशृंगी गड पण येईल त्यात.