मुतखडा ५ मिमीचा, ऑपरेशनशिवाय पडेल का?

परभणीकर: धाकट्या भावाला परवा रात्री डाव्या कुशीत अशी कळ आली की गडी नुसता लोळत होता. मूत्रनलिकेत खाली ५ मिमीचा खडा निघाला. डॉक्टर म्हणाले थांबून बघू, गोळ्या दिल्यात. घरात मात्र रोज नवा वैद्य. कुणी हुलग्याचं माडगं सांगतंय, कुणी बिअर. त्याचं काम दिवसभर वावरात, उन्हात. काय करावं?

गोदाकाठ: बिअर नको. लघवी होते तेवढ्यापुरती, नंतर अंग आणखी सुकतं. माडगं प्या खुशाल, गरम आणि पातळ असतं. त्यानं खडा विरघळेल हा भरवसा सोडा.

सिस्टर_नांदेड: दादा, ५ मिमीपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, पण चार-सहा आठवडेही लागतात. टॅमसुलोसिन दिली असेल तर ती नळी सैल करते. चक्कर येते तिनं, म्हणून रात्री घ्यायला सांगतात. उठताना सावकाश.

कळ असताना तांब्यावर तांब्या रिचवून खडा ढकलला जात नाही. तहानेपुरतं प्यावं. पुढं खडे होऊ नयेत म्हणून मात्र दिवसाला अडीच लिटर *लघवी* व्हायला पाहिजे. तुमच्याकडच्या उन्हात प्यालेलं निम्मं घामातच जातं, तेव्हा ग्लास मोजण्यापेक्षा रंग बघा. पिवळीधमक दिसली की कमी पडलं. लिंबूपाणी चांगलं, मीठ न घालता. ठेचा, लोणचं, पापड कमी. दूध-दही बंद करू नका (हे सगळेच करतात!), जेवणातलं कॅल्शियम पालक-शेंगदाण्यातलं खडे बनवणारं ऑक्झलेट आतड्यातच धरून ठेवतं.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलटीनं पाणीही टिकेना, तर त्याच दिवशी दवाखाना. रात्र काढायची नाही. एकच मूत्रपिंड असेल तर पहिल्यापासूनच डॉक्टरच्या नजरेखाली.

मी_जालन्याचा: लघवी गाळून घ्या. खडा सापडला तर तपासता येतो. युरिक ॲसिडचा असेल तर औषधानं विरघळतो, कॅल्शियमचा नाही. गाळणी चहाची घेतली तर परत स्वयंपाकघरात नेऊ नका म्हणजे झालं.

परभणीकर: आभार सगळ्यांचे. आज सकाळपासून कळ नाही. पडला म्हणायचा का?

सिस्टर_नांदेड: गाळणीत दिसला नसेल तर नाही. कळ थांबूनही खडा नळीत अडकून राहतो आणि मूत्रपिंड मुकाट्यानं सुजतं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला पुन्हा तपासणी कराच. मेडिकलवरून परस्पर डायक्लोफेनॅकच्या (दुखणं थांबवणाऱ्या) गोळ्यांची पट्टी मात्र आणू नका.